पागोळीचे पाणी

दापोली तालुक्यातील आमचे घर डोंगराच्या उतारावर, समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. सर्वांत वर काजू-आंब्याचे वरकस, म्हणजे भात न होणारा डोंगरउतार, त्याखाली घर, घराला लागून नारळ-पोफळीचे आगर, त्याखाली भाताची 4 खाचरे आणि अगदी तळाला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, अशी ही जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. सातबाऱ्यावर ती सगळी मिळून 38 गुंठे भरते, म्हणजे एक एकराला 2 गुंठे कमीच. सासूबाई 1961 साली लग्न होऊन या घरात आल्या आणि 1987 साली मुलांच्या नोकऱ्यांमागे डोंबिवलीला गेल्या. त्यानंतर तेहेतीस वर्षे हे घर गणपतीत पाच दिवस आणि शिमग्याला चार दिवस उघडत असे. उरलेले वर्षभर किल्ली शेजारच्या आबांकडे असे.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडही सापडले. टाळेबंदीचे दिवस होते, वीज आणि फोन दोन्ही गेले होते. आबांचा आवाज ऐकायला आम्हाला चार दिवस वाट पाहावी लागली. “वहिनी, घर उभं आहे, पण माजघरातून आभाळ दिसतंय,” एवढेच ते म्हणाले. प्रवासाचा पास मिळवून आम्ही पोहोचलो, तेव्हा मृग लागून आठवडा झाला होता आणि माजघरात घोटाभर पाणी साचले होते. पश्चिमेचे पाखे, म्हणजे छपराचा त्या बाजूचा उतार, जवळजवळ सगळे उडाले होते. आढे शाबूत होते, पण त्या बाजूचे निम्मे वासे मोडले होते. आगरातील 14 माडांपैकी 9 माड आडवे झाले होते आणि साठेक पोफळींपैकी 11 उभ्या होत्या. स्वतःची घरे उघडी असतानाही वाडीतील चार माणसे येऊन पूर्वेच्या पाख्यावर वाचलेली कौले बसवून गेली आणि पश्चिमेला आम्ही ताडपत्री बांधली. यजमानांच्या निवृत्तीला तेव्हा दहा महिने उरले होते. इथे येऊन राहायचे, हे आमच्यात समोरासमोर बसून कधी ठरले नाही. ताडपत्री किती हातांची आणायची हे बोलता बोलता ते ठरून गेले होते.

2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून पुढे सरकल्यावर, आम्ही सामान घेऊन आलो. पावसाळा सरला की लगेच गवंडी-सुतार लावायचे आणि तोवर काय काय करायचे याची यादी तयार ठेवायची, असा माझा विचार होता. सासूबाईंनी ती यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “यादी नको करूस. पाऊस पडेल तेव्हा पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढं लिहून ठेव.” त्यांचे हे सांगणे मी पाळले, याचे मला आज सर्वांत जास्त समाधान वाटते. पूर्वेकडच्या दोन कोरड्या खोल्यांत आम्ही तिघांनी तो पावसाळा काढला आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर मी वहीत घराचा कच्चा नकाशा काढून ओल कुठे आली त्या जागा रंगवत गेले.

श्रावणापर्यंत त्या नकाशांतून एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. छपरातून गळणारे पाणी दिसायला भयंकर होते, पण भिंतींचे खरे नुकसान त्याने होत नव्हते. मागची, म्हणजे डोंगराकडची भिंत पाऊस थांबल्यावर तीन-तीन दिवस खालून वर ओली होत जात असे. वाळवीच्या मातीच्या नळ्या नेमक्या त्याच भिंतीवर होत्या, माजघराची जमीन त्याच बाजूला खचली होती आणि देवघराची चौकट तिथेच कुजली होती. सासूबाईंना विचारले तेव्हा त्यांनी विचार न करता सांगितले की मागच्या दाराबाहेर चर होता, त्यात पावसाळ्यात आम्ही भांडी घासायचो. मागच्या दाराबाहेर तर मला सपाट जमीन, तीवर माजलेली अळवाची पाने आणि भिंतीला टेकलेली माती एवढेच दिसत होते.

नवरात्रात चार माणसे लावून तिथे खणायला सुरुवात केली. दोन फूट माती उपसल्यावर कुदळीचा आवाज बदलला. हाताने माती बाजूला केली तर खाली चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, लागला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत दीड हात रुंद, दोन्ही बाजूंनी चिऱ्यांनी बांधलेला आणि तळाला फरसबंदी केलेला चर दहा-बारा फूट मोकळा झाला. सहा दिवसांत तो पूर्ण उघडला. घराच्या मागच्या भिंतीला समांतर जाऊन तो न्हाणीच्या कोपऱ्यावर वळत होता, तिथे न्हाणीचे पाणी पोटात घेत होता, आगरात केळींच्या ओळीपाशी दोन फाट्यांत विभागला जात होता आणि मोठा फाटा सर्वांत वरच्या खाचराच्या तोंडाशी संपत होता. डोंगरावरून येणारे पाणी घराला वळसा घालून आगराला, आगरातून भाताला आणि भातातून पऱ्याला पोहोचवण्याची ती वाट होती. तेहेतीस वर्षांत ती मातीने भरून गेली आणि पाण्याने घरातून वाट काढली. घराची दुरुस्ती हे एक काम आणि शेती हे दुसरे काम असे मी तोवर धरून चालले होते. त्या दिवसापासून आम्ही घराचा आणि जमिनीचा निर्णय वेगवेगळा घेतलेला नाही.

दिवाळीनंतर छपराचे काम सुरू केले. वादळानंतर तालुक्यात कितीतरी घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले आणि ज्यांना पावसापूर्वी डोक्यावर आच्छादन हवे होते, त्यांनी दुसरे काय करायचे होते? आमच्याकडे वेळ होता, म्हणून आम्ही कौलेच ठेवू शकलो. सुताराने प्रत्येक वासा आणि तुळई हातोड्याने ठोकून पाहिली. जिथे आवाज खणखणीत आला तिथे खडूची खूण केली नाही, जिथे बद्द आला तिथे केली. फणसाच्या तुळया साऱ्या वाचल्या; आंब्याच्या लाकडाचे जे काही होते ते वाळवीने पोखरले होते. नवे वासे ऐनाच्या लाकडाचे घातले आणि त्यांना काजूच्या टरफलांचे तेल दोनदा लावले. हे तेल कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, त्यामुळे हाताला खोबरेल चोळून आणि फडकी गुंडाळून ते काम करावे लागते. पण वाळवीला दूर ठेवण्यात त्याची बरोबरी करणारे काही निदान इथे तरी कोणी मला दाखवलेले नाही.

पश्चिमेच्या वाशांची टोके पूर्वी कधीतरी कुजली असताना कापून आखूड केली होती, त्यामुळे वळचण भिंतीच्या जेमतेम फूटभर बाहेर येत होती. नैर्ऋत्येचा पाऊस तिरका येतो, आणि फूटभर वळचणीतून तो सरळ भिंतीवर आदळतो. आम्ही ती परत तीन फुटांवर नेली. वारा खालून शिरून पाखे उचलतो हे वादळात पाहिले होते, म्हणून वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींतील कौले तांब्याच्या तारेने रिपांना बांधून घेतली. एवढ्याने पुढचे वादळ अडेल असे नाही, पण आषाढातील रोजच्या वाऱ्याला ही कौले हलत नाहीत.

कौलांचीही एक हकिकत आहे. साधारण 1500 चौरस फुटांच्या छपराला 2200 च्या आसपास मंगलोरी कौले लागतात आणि आमची 1300 वाचली होती. नवी आणली तेव्हा कळले की प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी असते. जुन्यावर नवे बसवले की सांधा मिळत नाही आणि पाणी आत येते. शेवटी पूर्वेचे पाखे सगळे जुन्या कौलांचे आणि पश्चिमेचे नव्यांचे असे केले. कौले धुताना काहींच्या पोटावर बासेल मिशनचे नाव आणि 1865 हे साल उमटलेले दिसले, तेव्हा घर दीडशे वर्षांचे असल्याची बातमी वाडीत पसरली. ते साल कौल भाजल्याचे नव्हे. मंगलोरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला ते 1865. तरीही पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना मिशनच्या हातून गेला, त्यामुळे या नावाचे कौल त्याच्या आधीचे असणार. आमच्या आजेसासऱ्यांनी ती कौले नवी घेतली की दुसऱ्या कुठल्या घराची उतरवलेली आणली, हे सांगणारे आता कोणी नाही. मी त्यांतील एक कौल चिरफळलेले असूनही फेकले नाही. ते देवघराच्या फडताळात ठेवले आहे.

भिंतींच्या बाबतीत मात्र माझ्या हातून चूक झाली आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण तीच चूक मी आजूबाजूला रोज होताना पाहते. घराचे जोते चिऱ्याचे, त्यावरच्या बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या पण मातीच्या दरजांच्या, आतल्या भिंती निव्वळ मातीच्या आणि सगळ्यांना पूर्वी चुन्याचा गिलावा होता. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा झडला होता, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. भिंत गुळगुळीत, सरळ आणि भक्कम दिसू लागली आणि पुढच्या खोल्यांनाही असेच करू, असे मीच म्हटले. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या भिंतीवर हात ठेवला तर आतून पोकळ आवाज येत होता. दोन ठिकाणी ताटाएवढे पोपडे सुटले आणि मागचा चिरा बोट दाबले की ओला भुगा निघेल इतका भिजलेला होता. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात पाणी पितो आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्या येण्याजाण्याला आड येत नाही, सिमेंटचा येतो. बारीक चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिथेच राहते आणि मातीच्या दरजा विरघळवते. सिमेंटने बांधलेल्या नव्या घराला सिमेंटचा गिलावा शोभतो, पण मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला तो गुदमरवतो, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

चुन्याचे काम येणारा माणूस शोधायला दोन महिने गेले. तिसऱ्या गावात एक सत्तरी ओलांडलेले गवंडी आजोबा भेटले. तरुणपणी त्यांनी हेच काम केले होते आणि मग तीस वर्षे त्यांना ते कोणी विचारले नव्हते. त्यांनी आल्या आल्या चुना विरवून पाण्याखाली ठेवायला सांगितला आणि “तीन आठवड्यांनी येतो,” म्हणून ते निघून गेले. तोवर आम्ही सिमेंट काढून भिंत उघडी केली आणि ती पूर्ण सुकू दिली. आजोबा परत आले तेव्हा पिंपातला चुना लोण्यासारखा झाला होता. त्यात अडीच पट वाळू आणि विटांची सुरकी, भिजवलेल्या हिरड्याचे पाणी आणि थोडा गूळ, असे मिश्रण त्यांनी स्वतः पायांनी मळले नाही, पण मळणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून राहिले. गिलावा लावण्याआधी भिंतीवर पाण्याचा हबका मारून ते कान देऊन ऐकत असत. भिंत पाणी शोषताना बारीक सूं असा आवाज येतो, तो थांबला की थापी उचलायची. थर बोटाच्या पेरापेक्षा जाड होऊ द्यायचा नाही, गुरमाळ्याने घासताना जोर लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख रुतते का पाहायचे. रुतले तर अजून वेळ आहे. सिमेंटचे काम दोन दिवसांत झाले होते, या एका भिंतीला सोळा दिवस लागले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मुलाने नंतर दुसऱ्या वाडीतील एका घराचे काम घेतले, हे मला फार मोलाचे वाटते.

घरातल्या जमिनीविषयी थोडक्यात सांगते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत शहाबादी फरशी घातली. माजघर आणि देवघर मातीचेच ठेवले: चाळलेली लाल माती पसरून, पाणी मारून, ती अर्धवट सुकत आली की चोपण्याने चोपत जायचे आणि भेगा पडतील तिथे पुन्हा चोपायचे, मग शेणाने सारवायचे. आबांच्या घरातील वहिनींनी मला सारवायला शिकवले. सुरुवातीला माझ्या हाताचे वळसे एकमेकांत अडकत; त्यांचा एकेक वळसा मात्र शेजारच्या वळशाला लागून, तांदूळ पाखडल्यासारखा एका मापाचा पडतो. पुढच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, काँक्रीट करून घ्या असा सल्ला सगळ्यांनी दिला. तो आम्ही मानला नाही, कारण खळ्यात मुरणारे पाणी कुठे जाते हे तोवर आम्हाला कळले होते.

ते विहिरीत जाते. आमची विहीर 34 फूट खोल, चिऱ्याने बांधलेली, आगराच्या वरच्या कोपऱ्यात आहे. 2022 च्या मेमध्ये ती कोरडी पडली आणि पंधरा दिवस आम्ही टँकरवर आणि आबांच्या विहिरीवर काढले. दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यजमानांनी एका संध्याकाळी ओटीवर बसून हिशेब मांडला: 1500 चौरस फूट म्हणजे सुमारे 140 चौरस मीटर छप्पर, त्यावर साडेतीन मीटर पाऊस, म्हणजे नुसत्या आमच्या पागोळ्यांमधून चार महिन्यांत पाच लाख लिटरच्या आसपास पाणी खाली येते. ज्या घराच्या छपरावरून पाच लाख लिटर पाणी वाहून जाते, त्या घराने मे महिन्यात टँकर बोलवावा, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. आमच्या एकट्याची ही स्थिती नाही. कोकणात गावोगाव हेच घडते, कारण जांभ्याच्या भेगांतून आणि उतारावरून पाणी जितक्या झपाट्याने येते तितक्याच झपाट्याने समुद्राला मिळते. ते अडवायचे नसेल तर निदान त्याचा वेग तरी मोडायला हवा.

मग आम्ही पूर्वेच्या पाख्याला पन्हळ लावली आणि तिचे पाणी विहिरीपासून पंधरा फुटांवर खणलेल्या, दगडगोटे आणि वाळूने भरलेल्या शोषखड्ड्यात सोडले. वरकसात उताराला आडवे सात चर मारले. वाडीतील सगळ्यांनी मिळून, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, नोव्हेंबरमध्ये पऱ्यावर वनराई बंधारा घालायला सुरुवात केली. पाऊस संपल्यावर पऱ्याला धार असते तेव्हाच तो घालावा लागतो आणि भातकापणीच्या घाईत नेमका तोच दिवस मिळत नाही. विहिरीत सोडलेल्या दोरीला मी हातहाताच्या अंतरावर गाठी मारल्या आहेत. दर सोमवारी सकाळी दोरी सोडायची आणि किती गाठी भिजल्या ते भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहायचे. 2023 च्या 15 मे रोजी एक गाठ भिजली, 2024 साली त्याच सुमारास दोन, आणि यंदा, 2025 साली, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अडीच. हे सगळे आमच्या खड्ड्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण दरवर्षीचा पाऊस वेगळा असतो. टँकर मात्र त्यानंतर आलेला नाही.

भातशेती आम्हाला आबांनी शिकवली. वरच्या दोन खाचरांत पाणी टिकत नाही, म्हणून तिथे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात. खालच्या दोन खाचरांत पऱ्याच्या ओलाव्याने पाणी दिवाळीपर्यंत राहते, म्हणून तिथे उशिरा तयार होणारे गरवे. पहिल्या वर्षी मी हा भेद न मानता सगळीकडे एकच बियाणे टाकले आणि वरच्या खाचरांत दाणा भरायच्या वेळी पाणी संपले. 15 गुंठ्यांत त्या वर्षी 3 क्विंटल भात झाले. मागच्या वर्षी साडेचार. भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा भाजणे, आम्ही सोडून दिली आहे. बांधांवर गिरिपुष्प लावले आहे, त्याच्या फांद्यांचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडतो. नांगरटीला भाड्याचा पॉवर टिलर येतो, पण लावणी अजून माणसांच्याच हातांची आहे आणि माणसे दरवर्षी कमी होत आहेत. खेकडे बांधाला बिळे पाडतात आणि एका रात्रीत वरचे खाचर खाली रिकामे होते. म्हणून पावसाळाभर रोज सकाळी बांधावरून अनवाणी चालत जाते. पायाला बिळातून गळणाऱ्या पाण्याचा गारवा डोळ्यांआधी कळतो.

आगराचे काम सर्वांत संथ आहे. वादळात पडलेले माड आम्ही वर्षभर तसेच पडू दिले, ही दुसरी मोठी चूक. कुजत्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि उभ्या राहिलेल्या पाच माडांपैकी दोघांच्या सुईला, म्हणजे शेंड्याच्या न उमललेल्या कोवळ्या पानाला, त्याने पंख्यासारख्या कातऱ्या पाडल्या. खोडे चिरून जाळली, शेणखताचा खड्डा उपसला, सुईच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरली, तेव्हा कुठे तो आवरला. माडाची बाणवली रोपे 25 फुटांवर लावली आहेत. त्यांना नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतील. पोफळ तर उघड्यावर लावताच येत नाही, नैर्ऋत्येच्या उन्हाने तिची खोडे भाजतात. म्हणून आधी केळी लावल्या, केळींच्या सावलीत दोन वर्षांनी पोफळीची रोपे आली, आणि या सगळ्यांना पाणी देते ते घरामागच्या चराचे आणि न्हाणीचे. वानरांचा उपद्रव फार आहे आणि त्यावर आम्हाला उपाय सापडलेला नाही. केळींचे अर्धे घड तेच नेतात, म्हणून आंतरपीक हळदीचे आणि सुरणाचे घेतो, त्यांना ती शिवत नाहीत.

या वर्षी, 2025 साली, पावसाने सगळ्यांचेच वेळापत्रक उधळून लावले. रोहिणी लागायच्या आधीच, 20 मेच्या सुमारास तो सुरू झाला आणि 26 मे रोजी मोसमी वारे मुंबईतही पोहोचले. दरवर्षी मेअखेरीस कौले परतून घेतात, तसे आमचे काम चालू होते. पश्चिमेचे निम्मे पाखे उघडे असताना आभाळ फाटले. 2020 साली वापरलेली तीच ताडपत्री काढून बांधली, तरी दोन रात्री माजघरात पाणी पडत राहिले. मातीच्या जमिनीला पागोळीच्या रेघेत वीतभर अंतराने खळगे पडले. चुन्याची भिंत गळ्यापर्यंत भिजली आणि आठवड्याने उघडीप मिळाली तेव्हा चार दिवसांत सुकली. एकही पोपडा निघाला नाही. जमीन ओली झाल्यामुळे धुळवाफेची, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी करता आली नाही. मग भात गोणपाटात भिजवून, दाबून ठेवून त्याला मोड आणले आणि ते चिखलात फोकले. लावणी आठ दिवस पुढे गेली, पण झाली. माजघराचे खळगे वहिनींनी आणि मी आषाढात भरून, चोपून सारवले.

सासूबाई आता 82 वर्षांच्या आहेत. त्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतात आणि पाऊस जोरात लागला की आतल्या बाजूला तोंड करून विचारतात, “चर वाहतोय ना गं?” परवा रात्री असेच विचारले तेव्हा मी बॅटरी घेऊन मागच्या दारी गेले, तर पाणी चराच्या काठाला आले होते. न्हाणीच्या वळणावर माडाचे एक चुडत, म्हणजे झावळी, आडवे अडकले होते आणि त्याला पाला साचून बांध झाला होता. फावड्याने ते ओढून काढले. पाणी आधी गढूळ उसळी मारून गेले, मग उतरले, आणि अंधारात खाली वरच्या खाचराच्या तोंडाशी ते पडल्याचा आवाज आला. मी आत येऊन त्यांना सांगितले, की वाहतोय.